धुरपताबाईने बांधलेल्या कळ्या

वाघझरीच्या कपाशीचे बी धुरपताबाईने राखले, आणि ते तिने एकटीने राखले.

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की आपल्या पणजोबांनाही ती ऐकूनच ठाऊक होती. त्या काळी गावात दोन तऱ्हेची कपाशी होई. एकीला बोंडे उदंड लागत. पण तिचा तंतू आखूड, सूत सारखे तुटे. दुसरीचा तंतू लांब आणि मऊ. पण बोंडे मोजकीच. शेतकरी पहिलीसाठी भांडत, विणकर दुसरीसाठी.

धुरपताबाई विधवा होती. सरकीभोवतीचा तंतू फणीने विंचरून ती त्याची लांबी पाही. एका वर्षी तिला बोंडांनी वाकलेले आणि तरीही लांब तंतूचे एकच झाड सापडले. तिने त्याचे बी गावालगत पेरले. भुंग्यांनी शेजारच्या कपाशीचा पराग आणला आणि पुढच्या पिकात तो गुण विस्कटला. उरलेले मूठभर बी घेऊन ती ओढ्यापलीकडे झोपडीत राहायला गेली. फुलोऱ्यात उद्या उमलणारी प्रत्येक कळी ती संध्याकाळीच दोऱ्याने बांधी, म्हणजे भुंगा आत शिरू नये. एक संध्याकाळ चुकली, तर बी पुन्हा भेसळणार होते.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला धाकटी जाऊ केसर अलीकडून हाक मारी, “बाई, पानं वाढली आहेत. तुमच्या झाडांना काय पाय फुटणार आहेत?”

“झाडांना नाही ग. भुंग्यांना पंख आहेत,” धुरपताबाई म्हणे. “माझं पान मांडू नका.”

केसर दिसेनाशी होईपर्यंत ती काठावर उभी राही, आणि मग दोरा हाती घेई.

असे म्हणतात, की पुढे भुंगे ओढ्याच्या मध्यावरूनच माघारी फिरू लागले. हळूहळू माणसेही तिकडे जाईनाशी झाली.

असेही म्हणतात, की ती गेली त्या रात्री रानातली सारी बोंडे एकदम फुटली, आणि पैलतीर इतका पांढरा झाला की कोंबडे वेळेआधीच आरवले. गाव धावत पलीकडे गेले. झाडे बोंडांनी वाकली होती, आणि विणकरांनी ओढून पाहिलेला तंतू तुटत नव्हता.

आजही फुलोऱ्यात दोन घरांतली दोन माणसे पलीकडे राहतात आणि पहिली कळी तिच्या नावाने बांधतात. कारण त्या सकाळी असे ठरले, की बी तिथेच राखायचे. मात्र राखायला एकट्याने कोणी जायचे नाही. शेतकऱ्यांनी होकार दिला, विणकरांनी दिला. केसरने झोपडीतला दोरा उचलून हाती घेतला. मग तिनेही दिला.