लाहनूच्या घरी

“पण चूक नेमकी कुणाची, हे एकदा ठरवायला नको का, बाई?”

डॉ. तन्मय भोईटे हट्टाला पेटला होता. कुटुंब आरोग्याच्या प्रशिक्षणासाठी तो शहरातून आला होता. परीक्षेत पहिला आलेला. गेल्या आठवड्यात डोंगरावरच्या एका पाड्यात सोनकी नावाची बाळंतीण दगावली होती. सकाळच्या वर्गात त्यानं फळ्यावर सगळं मांडून दाखवलं… घरच्यांनी निघायला उशीर केला, म्हणून ती गेली.

केळुसकरबाईंनी फळ्याकडे पाहिलं. शिकवता शिकवता त्यांचे केस याच डोंगरात पिकले होते.

“बरोबर आहे तुझं,” त्या म्हणाल्या. “चल, सांगून येऊ.”

“कुणाला?”

“घरच्यांना.”

सोनकीचा नवरा लाहनू ओट्यावर बसला होता. मांडीवर बाळ. पाहुणे दिसताच त्यानं बाळाला छातीशी धरलं आणि एका हातानंच घोंगडी अंथरली.

घोंगडीवर बसून बाईंनी तन्मयकडे पाहिलं.

तन्मयनं घसा खाकरला. “तुमच्या पत्नीला दवाखान्यात…”

“ती बोलत होती,” लाहनू म्हणाला. “गाडी बोलव, बोलत होती. नदीला पाणी होतं. मी बोललो, उजाडू दे.” त्यानं मान वर केली. “डॉक्टर, माझी चूक झाली का?”

उत्तर तन्मयच्या ओठावर होतं. सकाळी त्यानं त्याखाली खडूनं दोन रेघाही ओढल्या होत्या.

तेवढ्यात बाळ रडू लागलं. लाहनूनं त्याला या खांद्यावर घेतलं, त्या खांद्यावर घेतलं. काही केल्या ते गप्प होईना.

तन्मय उठला. त्यानं हात पुढे केले.

बाळ त्याच्याकडे आलं, आणि लाहनूनं मोकळ्या झालेल्या हातांनी तोंड झाकून घेतलं… बराच वेळ.

उतारावरून परतताना तन्मय मधेच थबकला.

“बाई, मला नाही सांगता आलं त्याला.”

बाई चालत राहिल्या.

“त्याच्याकडे बघत राहिलो नुसता… दुसरं काही दिसलंच नाही मला.”

बाई थांबल्या. मागं वळून त्यांनी त्या घराकडे पाहिलं.

“त्याची धाकटी भावजय दाराआड उभी होती,” त्या म्हणाल्या. “कितवा महिना असेल रे तिला?”