बाराची घंटा आणि नातालबायची खुर्ची

"…मग पत्रात तुम्ही नेमकं काय लिहिलंत, फादर?"

"'आदरणीय बिशप महाशय' एवढं झालंय," फादर इनास म्हणाले. "पुढचं संध्याकाळी. आधी खुर्ची उचल."

ब्रदर क्लेटस सेमिनरीतलं धर्मगुरूपदाचं शिक्षण उरकून वसईतल्या या लहानशा चर्चमध्ये वर्षभरासाठी आला होता. त्याला याजकदीक्षा द्यायची की नाही, हे त्या पत्रावर ठरणार होतं. नियमांच्या बाबतीत गडी चोख. एक उपवास मोडला नाही, एक प्रार्थना चुकवली नाही. ज्यांनी चुकवली, त्यांची नावंही त्याला तोंडपाठ होती.

खुर्चीत नातालबाय बसली होती. वय नव्वद, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. आज तिच्या नातीचं लग्न. मांडव केळीच्या वाडीपलीकडे, आणि त्या पायवाटेवर रिक्षा शिरत नाही. एका बाजूने फादर, दुसऱ्या बाजूने ब्रदर, अशी वरात निघाली.

निम्म्या वाटेत चर्चची बाराची घंटा झाली.

बाराच्या आणि संध्याकाळच्या घंटेला इकडची जुनी माणसं हातातलं काम सोडून प्रार्थना करतात. क्लेटसनेही सोडलं. डोळे मिटले, हात जोडले…

नातालबाय कडेच्या वाळक्या पानांच्या ढिगात गेली.

क्लेटसने डोळे उघडले तेव्हा तिचे फक्त पाय दिसत होते.

"मावशी! लागलं का?"

"लागतंय कुठे!" ढिगातून आवाज आला. "पंधरा वर्षांत मला एवढं जोरात कोणी हलवलं नव्हतं!"

फादर हसून हसून खालीच बसले. क्लेटसचा चेहरा मात्र पडला.

"फादर… मी नियम पाळला."

"पाळलास."

"मग चुकलं कुठे?"

फादरांनी नातालबायच्या केसांतलं पान काढलं. खुर्ची सरळ केली.

"फादर, ते पत्र…"

"संध्याकाळी."

मांडवात बँड वाजत होता. नातालबायने पडण्याची गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगितली, आणि दर वेळी ढीग थोडा उंच होत गेला. लोक पोट धरून हसत होते. क्लेटस मात्र पानातला भात चिवडत बसला. वर्षभर ज्यांच्या चुका मोजल्या, तीच माणसं आज त्याला आग्रहाने वाढत होती.

परत निघायची वेळ झाली, तेव्हा चार तगडे नातू पुढे आले. नातालबायने चौघांनाही हाकललं.

"ब्रदरला बोलवा. ज्याने पाडलं तोच उचलेल."

पुन्हा तीच वाट. वाडीला नुकतंच पाणी सोडलेलं, पायाखाली नुसता चिखल. खुर्ची टेकवायला वीतभर कोरडी जागा नाही.

आणि संध्याकाळची घंटा झाली.

क्लेटसची बोटं खुर्चीवर आवळली. कपाळावर घाम आला.

"मावशी… माझे हात…"

"राहू दे तिथेच," नातालबाय म्हणाली. ती खुर्चीतून वाकली, आणि अंगठ्याने त्याच्या कपाळावर क्रूस काढला. "हात माझे घे. तू पाय टाक."

मग खणखणीत आवाजात तिने घंटेची प्रार्थना, 'नमो मरिये', सुरू केली.

क्लेटसने प्रार्थनेची पुढची ओळ उचलली. आधी आवाज फुटेना. मग असा फुटला की केळीतले बगळे उडाले. पलीकडून फादरांनी सूर मिसळला. तिघं चालत राहिले, एकही ओळ चुकली नाही. प्रार्थना म्हणताना क्लेटसला हसू आलेलं फादरांनी आज पहिल्यांदाच पाहिलं.

घराच्या ओट्यावर खुर्ची टेकली. नातालबायला सुनेने आत नेलं. क्लेटस चिखलाच्या पायांनी फादरांसमोर उभा राहिला.

"खरं तेच लिहा, फादर. घंटा झाली तेव्हा मी थांबलो नाही. हात जोडले नाहीत. डोळेही उघडेच होते. आणि… एवढा आनंद मला आजवर कधी झाला नव्हता."

फादर त्या रिकाम्या खुर्चीत बसले. बराच वेळ आपले गुडघे चोळत राहिले.

"तेच लिहितो," ते म्हणाले. "आणि खाली जोडतो, दीक्षा देऊन याला लवकर इकडेच पाठवा. पुढच्या वर्षी या खुर्चीत मी असेन."