कापसाची भिजलेली गाठ

एकदा एका वृद्ध वैद्यराजांकडे कापसाचा एक मोठा व्यापारी आला. डोळे पिवळे, पोट फुगलेले. रोज जेवणाआधी दोन पेले मद्य घेण्याचा त्याचा वीस वर्षांचा नेम होता. वैद्यराजांच्या शिष्याने नाडी पाहिली आणि मोठ्या आत्मविश्वासाने बलवर्धक औषधे सुरू केली. शरीरातले रक्षक सबळ झाले की रोग पळेल, असा त्याचा हिशेब. व्यापारी मात्र महिनाभरात अंथरुणाला खिळला. शिष्याचे तोंड एवढेसे झाले.

तेव्हा वैद्यराजांनी एक विचित्र गोष्ट केली. ते रोज सकाळी व्यापाऱ्याच्या गोदामाशी जात आणि दाराजवळच्या एका गाठीपाशी मूठभर ओला पाला पेटवत. धूर दिसताच रखवालदार धावत आणि गाठीवर बादल्या रिकाम्या करत. आठव्या दिवशी वैद्यराजांनी व्यापाऱ्याला बाजेसकट तिथे आणवले आणि गाठ सोडायला लावली. आत कापूस काळा पडून कुजला होता.

"शेठ, यातला एक तरी तंतू जळलाय का?"

"नाही."

"मग नासवला कुणी?"

"माझ्याच माणसांनी!" व्यापारी संतापला. "सगळ्यांना आजच काढून टाकतो."

"आमचं काय चुकलं जी?" म्हातारा रखवालदार म्हणाला. "धूर दिसला का पाणी ओता, हा तुमचाच हुकूम हाये."

"त्याचं खरं आहे," वैद्यराज म्हणाले. "त्यांना काढाल आणि उद्या खरी आग लागली तर? शेठ, तुमच्या यकृतातही असेच रखवालदार आहेत, रक्तातल्या पेशी. मद्य यकृताला पोळतंच, शिवाय आतड्याची भिंतही पाझरायला लावतं. तिथून आतड्यातलं जंतूंचं विष यकृतात झिरपलं की या पेशी चवताळतात आणि शत्रूसाठी राखलेलं जहाल द्रव्य आपल्याच घरावर ओततात. रोज जखम, रोज खपली. यकृत निबर होत जातं."

शिष्य खजील झाला. "आणि मी त्यांनाच आणखी बळ देत होतो!"

व्यापारी चाचरत म्हणाला, "पण वैद्यराज, मी दोनच पेले घेतो हो."

"मीही मूठभरच पाला जाळला, शेठ."

व्यापाऱ्याने घरातली मद्याची सगळी पिंपे अंगणात ओतायला सांगितली. पुढचे दिवस सोपे नव्हते. हात थरथरत, जीव कासावीस होई. वैद्यराज आणि शिष्य पाळीपाळीने त्याच्या उशाशी बसले.

काही महिन्यांनी, दसऱ्याला, कापूस खरेदीचा मुहूर्त होता. व्यापारी कुणाचाही आधार न घेता चालत बाजारात आला आणि पहिला बोजा त्याने स्वतः काट्यावर चढवला. डोळे स्वच्छ, पोट सपाट. बाजारात एकच जल्लोष झाला. शिष्याला तर आनंदाने रडू आवरेना.

"गुरुजी, आपण जिंकलो!"

"आपण कसले? जिंकले ते शेठ. यकृताला वेळेवर उसंत मिळाली की ते पुन्हा उभं राहतं, एवढंच."

ज्याला आज संध्याकाळी पेला भरायचा आहे, त्याने यकृताला उसंत देण्याची ही वेळ टळू देऊ नये.