उकिरड्यावरची कपची

डोंगराखाली एक दगडी घर होतं. त्याच्या कोपऱ्यात राहायचे दोघं, थोरला घडीव दगड आणि त्याच्या बुडाशी ठोकून बसवलेली इवलीशी कपची. घराची डागडुजी निघाली, तसा दगड घरधनी येसाजीला म्हणाला, "आधी हिला उपट बाबा, टोचते मेली!"

पाथरवटाची वाट न बघता येसाजीने कपची उपटून उकिरड्यावर फेकली. दगड डुगडुगला, कोपरा ढासळला आणि येसाजीचा पाय चिरडला तो कायमचाच.

भिवा पाथरवट आला. उकिरडा उपसून त्याने तीच कपची शोधली.

दगड पुटपुटला, "येतेस ना गं?"

"येते. पण आता टोचले तर ओरडायचं नाही हो, भाऊराया."

कोपरा उभा राहिला. त्याच्या आडोशाला येसाजीच्या नातीचा पाळणा बांधला, आणि लंगडत का होईना, आजा झोका द्यायला आला.