केसाएवढी चीर

"...पण त्यांनी एवढ्या स्वस्तात दिलंच कसं?"

मठाच्या प्रमुखांनी, रामलिंगबुवांनी विचारलं. विश्वंभर याच प्रश्नाची वाट बघत होता.

मठाच्या अंगणात जीप उभी होती, मागून विटांवर उचललेली. मागची चाकं फिरवणारी दातेरी चाकांची जोडी तुटल्यापासून ती जागची हलली नव्हती. डोंगरावरच्या वाड्यांतलं आजारी माणूस खाली दवाखान्यात न्यायचं, तर या जीपशिवाय दुसरं वाहन नव्हतं. सध्या लोक डोली करून नेत होते.

तशीच जोडी विश्वंभरनं काल पैदा केली. पायथ्याच्या गावात तातोबा मगदूम राहतात. उभी हयात त्यांनी घाटात माणसांची ने-आण करणारी वडाप जीप चालवली. ती मोडीत निघाली तेव्हा तिचे चांगले भाग ग्रीस लावून, जुन्या धोतरात बांधून ठेवले होते.

रामलिंगबुवांपुढे विश्वंभरनं ते गाठोडं सोडलं. सोडताना चेहरा असा, की जणू आतून देवच निघणार आहे.

तो शहरातल्या जुन्या मोटारसामानाच्या बाजारात वाढला होता. घरदार सोडून मठात आला, पण बाजार काही त्याच्या अंगातून गेला नव्हता.

"पहिली गोष्ट, त्यांच्याकडचा चहा घेतला नाही," तो सांगू लागला. "चहा प्यायलो की भाव पाडताना जीभ रेटत नाही."

"बरं."

"मग माल हातात घेतला आणि नुसता सुस्कारा टाकला. बोललो काहीच नाही. समोरचा आपणहून विचारतो, काय झालं म्हणून."

"विचारलं?"

"विचारलं की! मग म्हटलं, मामा, दाताच्या मुळाशी केसाएवढी चीर आहे. घाटात टिकायचं नाही हे. आणि सरळ उठलो. दारात चप्पल घालायला मुद्दाम वेळ लावला. एक पाय घालतोय तोवर मागून हाक आली... घेऊन जा म्हणाले, काय द्यायचं ते द्या."

विश्वंभर स्वतःशीच हसला. "आमचे वडील चारचौघांत सांगायचे, आमचा पोरगा चप्पल घालता घालता भाव पाडतो."

बुवांनी दातेरी चाक उन्हात धरून फिरवलं.

"चीर कुठाय?"

"चीर कुठली, बुवा! कोरा करकरीत माल आहे. तसं बोलायचं असतं. समोरच्यालाही ते ठाऊक असतं."

"तातोबांना ठाऊक होतं?"

"असणारच..."

बुवांनी चाक पुन्हा धोतरात ठेवलं आणि गाठ मारली.

विश्वंभरचं तोंड उतरलं. त्याला शाबासकी हवी होती. खरं बोलायचं तर बाजाराच्या मापानं ती मिळण्याजोगा सौदा त्यानं केलाही होता.

तेवढ्यात पायऱ्यांवर कुणीतरी धापा टाकत चढताना दिसलं. तातोबाच होते.

"बुवा, माझं सामान बसिवलं न्हाई न्हवं अजून?"

"नाही."

तातोबा वरच्या पायरीवर मटकन बसले.

"देवानंच राखलं म्हनायचं. मोडकं सामान इकलं मी, बुवा. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. गाडी घाटात मागं सरकतीया, आत बाळंतीण बसल्याली, ह्येच दिसायचं." त्यांनी कनवटीचे पैसे काढून बुवांपुढे ठेवले. "ह्ये तुमचं तुम्हास्नी. माझं मला परत द्या. हिरीत टाकतो. कुनाच्या हाताला लागाय नगं."

बुवांनी विश्वंभरकडे पाहिलं.

"मामा..." विश्वंभर म्हणाला, "सामान चांगलं आहे."

"माझ्या जिवाला बरं वाटावं म्हनून बोलतायसा."

"नाही हो. चीर नव्हतीच. भाव पाडायला मी खोटं बोललो."

तातोबांनी मान हलवली.

"मठाचा मानूस खोटं कशाला बोलंल? माझीच नजर ग्येली."

विश्वंभरनं शपथ घेतली. तातोबांनी ऐकून घेतली आणि गाठोड्याकडे हात केला. विश्वंभरनं बाजारातल्या युक्त्या एकेक करून सांगितल्या, चहाची, सुस्काऱ्याची, चपलेची. तातोबा समजुतीनं मान डोलवत राहिले, तापातल्या माणसाची बडबड ऐकावी तसे. बाजारात भल्याभल्यांना गुंडाळणाऱ्या या गड्याला, मी खोटारडा आहे एवढं एका म्हाताऱ्याला पटवता येईना.

त्यानं बुवांकडे पाहिलं. बुवा डोंगराकडे बघत होते.

शेवटी विश्वंभर खाली मातीत बसला. गाठ सोडली. खांद्यावरच्या उपरण्यानं ग्रीस पुसलं. तातोबांचा हात हातात घेतला आणि त्यांचं नख एका दाताच्या मुळाशी टेकवलं.

"अडकतंय?"

"न्हाई..."

"इथं?"

"न्हाई."

एकेक दात करत चाक पुरतं फिरलं. मग तातोबांनी आपला हात सोडवून घेतला आणि दुसरं, लहान चाक स्वतःच तपासलं. त्यांची पाठ हळूहळू ताठ झाली. म्हातारा एकदम वीतभर उंच झाला म्हणा ना!

"मी काल म्हनलंच हुतं," ते म्हणाले. विश्वंभरकडे बघून नव्हे, चाकाकडे बघून. "घाटात एकदाबी गाडी अडली न्हाई माझी. कोरं सामान हाय ह्ये. कोरं!"

"होय, मामा."

"मग भाव काल पयला सांगितल्याला त्योच."

विश्वंभरनं समोरच्या पैशांत वरचे पैसे घालून दिले. बुवांनी चहा ठेवायला सांगितला, तोही त्यानंच केला. तातोबा तो बशीत ओतून निवांत प्यायले. निघताना चपला घातल्या त्या झटक्यात, आणि मागं वळूनही न बघता पायऱ्या उतरून गेले.

ते दिसेनासे होईपर्यंत विश्वंभर उभा होता. मग बुवांजवळ आला. आवाजात मघाचा ताठा थोडा परतला होता.

"पुरा भाव दिला, बुवा. एक पैही कमी केली नाही."

"पाहिलं मी."

"मग आता तरी सौदा सरळ झाला ना?"

बुवांनी चाक उचलून त्याच्या हातात दिलं आणि जीपकडे बोट दाखवलं. तो दोन पावलं गेला असेल...

"विश्वंभर, सामान पुऱ्या भावानं आलं. त्यांची रात्रीची झोप कितीला आणलीस?"