चारुलताचे हात

"माझ्यात काय कमी आहे, बाई? तोंडावर सांगा."

सिस्टर चारुलता दारातच उभी होती. एस्तेरबाईंनी वर पाहिलं नाही. त्या उकळत्या पाण्यातून बाळांना श्वास द्यायचे मास्क काढत होत्या.

सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या दवाखान्यात बाई नर्सना दुसऱ्यांना शिकवायचं कसं ते शिकवत. जी पास होई, तिनं पुढे पाड्यापाड्यांवरच्या नर्स तयार करायच्या. चारुलताला त्यांनी नापास केलं होतं. तिच्यासारखा हात अख्ख्या तालुक्यात नव्हता, खोटं कशाला बोलू.

"सकाळी मूल निळं पडलेलं. मी वाचवलं."

"वाचवलंस."

"त्या नव्या नर्सला, जमुनाला, मास्क बसवता येईना. मी घेतला."

"हिसकावलास."

"मग काय आरती ओवाळत बसू?"

"जमुना उद्या डोंगरावरच्या उपकेंद्रात चाललीय. एकटी."

"तिला नका पाठवू. मला पाठवा."

"सगळ्या डोंगरांवर?"



तेवढ्यात बाळंतपणाच्या खोलीतून जमुना ओरडली, "बाई, मूल रडत नाही!"

दोघी धावल्या. जमुनानं बाळ पुसलं होतं, पाठ चोळली होती. अंग सैल. श्वास नाही. तिनं श्वास द्यायची पिशवी उचलली, पण मास्क काही केल्या तोंडावर टेकेना.

चारुलता झेपावली.

बाईंनी तिची दोन्ही मनगटं धरली.

"सोडा!"

"तोंड आहे ना तुला? तोंडानं कर."

"बाई, मूल जाईल!"

"मग माझ्याशी भांडू नकोस. तिला सांग."

चारुलता जमुनाकडे वळली. "जमुना... मान जरा वर. एवढी नाही गं! हां. मास्क नाकातोंडावर. हनुवटी धर. दाब पिशवी."

"दाबतेय, ताई."

"छाती उठतेय?"

"नाही..."

टेबलावरची बाळंतीण कोपरांवर उठली. "माझं पोर... का बोलत नाही कुणी?"

चारुलतानं मनगटांना हिसडा दिला. पकड आणखी आवळली.

"माझ्याकडे नको बघू, जमुना. छातीकडे बघ. कडेनं हवा जातेय. उचल, परत बसव. दाब. सोड. दाब."

...

"उठली! ताई, छाती उठली!"

"थांबू नकोस. दाब. सोड."

...

एक बारीकशी कुरकुर. मग रडणं, खोली भरून.

जमुनानं बाळ आईच्या छातीवर ठेवलं.

बाईंनी हात सोडले. चारुलताच्या मनगटांवर त्यांची बोटं लाल उमटली होती. डोळे पेटले होते तिचे.

"शब्दानं सांगितलं असतंत तर थांबले असते मी. गुरासारखे माझे हात कशाला बांधलेत?"

बाईंनी आपली आवळलेली बोटं सावकाश उघडली. ती पिशवी दाबल्यासारखी पुन्हा पुन्हा मिटत होती.

"तुझे कुठे गं... मी माझे बांधले होते."