ठकूबाईच्या गावचा पाहुणा

श्री निवांतबुवा महाराजांचा मुक्काम तेव्हा करंजघाटाच्या पायथ्याशी, मांजरवाडीत होता. घाट उतरला की पहिले गाव हेच. त्यामुळे कानडी बैलवाले, तेलंगणातले विणकर, गुजराथेतले यात्रेकरू अशी देशोदेशीची माणसे या वाटेने येत-जात.

गावात निंबाशेट नावाचे बडे व्यापारी होते. त्यांनी वाटसरूंसाठी दगडी धर्मशाळा बांधली आणि दारावर स्वतःचे नाव कोरून घेतले. पण दार उघडण्याआधी शेट विचारत, "कोण? कुठले? जात कोणती?" वाटसरू बिचारे मान खाली घालून पुढे निघत आणि ठकूबाईच्या खोपटात शिरत. ठकूबाई एकटी, गरीब, महाराजांची भोळी भक्त. ती काही विचारत नसे. "दमला असाल, बसा," म्हणे आणि चुलीवर तवा ठेवी.

खोपटातले हसणे धर्मशाळेच्या ओट्यापर्यंत ऐकू येई आणि निंबाशेटांच्या छातीत कळ उठे. आपली एवढी इमारत ओस, आणि त्या गळक्या छपराखाली गर्दी! एकदा त्यांनी महाराजांसमोरच तिला टोमणा मारला, "काय गं ठके, त्या परक्यांची भाषा तरी कळते का तुला?"

"भाषा न्हाई कळत शेट, पण भूक कळती," ती साधेपणाने म्हणाली.

लोक हसले. शेट आणखीच जळले. "परमुलखात कोणी कोणाचं नसतं. ही बाई उगाच मोठेपणा मिरवते!"

महाराज म्हणाले, "शेट, एकदा परमुलूख बघून या."

पुढे व्यापारासाठी निंबाशेट कानडी मुलखात गेले. एका नदीच्या उतारावर अचानक लोंढा आला. गाडी उलटली, सामान वाहून गेले, सोबती पांगले. ओल्या धोतरानिशी शेट एका खेड्यात पोहोचले. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने काही न विचारता ताकाचा तांब्या पुढे केला, अंगावर घोंगडी घातली. मग मोडक्या मराठीत विचारले, "गाव कुठला?"

"मांजरवाडी."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "ठकव्वाचा गाव! मी तापात होतो, आईसारखं केलं तिनं!" त्याने घरादाराला हाका मारल्या. पोरीबाळी जमल्या. शेटांना गूळ-शेंगा मिळाल्या, मऊ अंथरूण मिळाले. पण घास गोड लागेना. "तिथं माझी दगडी धर्मशाळा आहे," त्यांनी मुद्दाम सांगितले. म्हाताऱ्याने नुसतीच मान हलवली. त्याला ती आठवत नव्हती.

पुढच्या गावी विणकराच्या घरीही तेच. तिथेही आदर, तिथेही ठकव्वा! शेटांच्या मनात आले, मी इतका मोठा माणूस, आणि या भिकारणीच्या नावावर जेवतो? मत्सराने ते इतके पेटले, की विणकराने सोबत देऊ केलेला माणूस नाकारून, भरल्या ताटावरून उठून, एकटेच रानाची वाट धरून निघाले.

वाट चुकली. भर दुपारी ऊन रणरणत होते. घशाला कोरड पडली, अंगात ताप चढला. एका बाभळीखाली शेट कोसळले. आता मरण आले असे वाटत असतानाच ओठांना पाण्याचा स्पर्श झाला. समोर एक धिप्पाड लाकूडतोड्या उभा!

"कुठले पाहुणे?" त्याने मराठीत विचारले.

शेटांच्या ओठांवर स्वतःचे नाव आले, पण ते बाहेर पडेना. त्या ओसाड रानात त्या नावाला कोण ओळखणार होते? त्यांचे डोळे भरून आले. जन्मात प्रथमच ते म्हणाले, "मी... ठकूबाईच्या गावचा."

लाकूडतोड्या हसला आणि त्याने त्यांना अलगद खांद्यावर घेतले. शेटांनी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा कानावर भाकरी थापल्याचा आवाज येत होता. काय ही सद्गुरूंची लीला! कित्येक दिवसांची वाट, आणि शेट ठकूबाईच्या ओट्यावर होते! वाढलेली दाढी, चिखलाने माखलेले अंग. तिने त्यांना ओळखले नव्हते. "पड जरा पाव्हण्या, ताप हाय तुला. पेज देते," ती म्हणत होती.

"ठकूबाई, मी निंबा," ते कसेबसे म्हणाले.

तिने पेजेची वाटी खाली ठेवून त्यांना निरखून पाहिले. "अगं बाई, शेट! ही काय दशा?"

तेवढ्यात भक्तमंडळींसह महाराज आले. सकाळपासून ते मठात सर्वांसमोर नामस्मरणात बसले होते, कोणीही त्यांना उठताना पाहिले नव्हते. पण आता ते आपला उजवा खांदा चोळत होते.

"महाराज, खांद्याला काय झालं?" कोणीतरी विचारले.

"भरून आलाय," महाराज म्हणाले, आणि शेटांकडे बघून हसले. "अंग हलकं होतं हो शेट. मत्सर फार जड!"

निंबाशेटांनी हंबरडा फोडला आणि महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. महाराजांनी त्यांना उठवले आणि ठकूबाईकडे बोट केले. ती संकोचून चुलीमागे सरकत होती, "नगा शेट, म्या काय केलं?" म्हणत होती. पण शेटांनी त्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर तिच्यापुढे कपाळ टेकले, आणि बराच वेळ ते उचललेच नाही.